धुराचा पंचनामा

वणवा विझला की पंचनामा होतो. वनरक्षक जळालेल्या टापूतून फिरतात. किती हेक्टर जळाले, रोपवन होते की नुसते गवत, झाडोऱ्याचे किती नुकसान झाले, आग कोणत्या अंगाने शिरली, हे कागदावर येते. उसाच्या फडाला आग लागली तरी पंचनामा होतो, तिथे गुंठे मोजले जातात. धूर कुठे गेला, किती वेळ रेंगाळला आणि कोणाच्या छातीत उतरला, याला मात्र त्या कागदावर जागा नसते. वणव्याचा धूर आणि त्याचे परिणाम या विषयावर एक वैज्ञानिक परिषद अहिल्यानगर जिल्ह्यात भरावी, या कल्पनेची ही प्रस्तावना आहे. तिचे म्हणणे एवढेच, की वणव्याचा हिशेब आपण हेक्टरांत करत आलो, तो श्वासांत करायला हवा. तसा तो करायला बसले की वणवा वनविभागाच्या हद्दीच्या दगडापाशी थांबत नाही, हेही लगेच ध्यानात येते. डोंगरावरचे गवत, भाताचा राब, उसाचे पाचट आणि घरातली चूल यांचा धूर एकाच हवेत मिसळतो, आणि ती हवा घेणारी माणसेही बहुतेक तीच असतात.

ज्वाळेपेक्षा धूर अधिक माणसे मारतो, हे जगाला फार उशिरा उमगले. ऑस्ट्रेलियात २०१९-२० च्या उन्हाळ्यात जे वणवे भडकले, त्यांत प्रत्यक्ष आगीने ३३ माणसे गेली. त्याच देशातील संशोधकांनी नंतर धुराचा हिशेब मांडला, तेव्हा पूर्व किनाऱ्याच्या राज्यांत धुरामुळे ओढवलेल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४१७ निघाला. दम्याच्या त्रासाने तातडीच्या कक्षात आलेल्यांची अंदाजित संख्या १,३०५ होती. यांतल्या अनेकांनी ती आग डोळ्यांनी पाहिलीही नसेल. इंडोनेशियातील १९९७ च्या आगींचा धूर शेजारच्या देशांवर इतका पसरला, की पुढे २००२ मध्ये आग्नेय आशियातील देशांना सीमापार धुरासाठी स्वतंत्र करार करावा लागला. २०२३ च्या जूनमध्ये कॅनडातील जंगलांचा धूर न्यूयॉर्कच्या आकाशावर उतरला. केवळ वणव्याच्या धुरासाठी म्हणून पहिली आंतरराष्ट्रीय परिषद २०१३ मध्ये अमेरिकेत मेरीलँड राज्यात भरली, दुसरी २०१६ मध्ये कॅलिफोर्नियात. आगीचे तज्ज्ञ, हवामानशास्त्रज्ञ, डॉक्टर आणि हवेचे मोजमाप करणारे लोक तोवर आपापल्या सभांत बोलत होते. ते एका दालनात बसले, हेच त्या परिषदांचे मोठे काम. कॅलिफोर्नियाच्या दक्षिण भागातील १९९९ ते २०१२ या काळातील रुग्णालयांच्या नोंदी तपासून २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तर असे दाखवले, की सूक्ष्म कणांचे प्रमाण तेवढेच असले तरी वणव्यातून आलेले कण श्वसनविकारांच्या बाबतीत इतर स्रोतांच्या कणांहून अधिक घातक ठरतात, काही अंदाजांत दहापटीपर्यंत.

पण हे सगळे आकडे फार मोठ्या आगींचे आहेत, आणि आपल्या जिल्ह्याला ते उसने घेऊन चालणार नाही. इथल्या आगी लहान, विखुरलेल्या आणि वारंवार लागणाऱ्या. त्यांचा धूर समजून घ्यायचा तर आधी जळण्याचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. उभे वाळलेले गवत भडाभडा पेटते. ज्वाळा मोठी, उष्णता जास्त, आणि जळणाऱ्या प्रत्येक किलोमागे धूर तुलनेने कमी. ओलसर पालापाचोळा, शेण, जाड खोडकी, मातीत दबलेले बुडखे मात्र धुमसतात. ज्वाळा दिसत नाही, आच कमी असते आणि किलोमागे धूर कितीतरी जास्त निघतो. म्हणजे जी आग लांबून भयंकर दिसते, ती धुराच्या हिशेबात सर्वांत वाईट असतेच असे नाही. बांधावर रात्रभर धुमसणारा ढीग बातमीत येत नाही, पण त्याच्या खालच्या वस्तीला तो पहाटेपर्यंत पुरतो. या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, डोळे चुरचुरवणारी अनेक रसायने असतात आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे पीएम २.५ असतात. अडीच मायक्रॉनहून लहान असे हे कण. माणसाचा केस साधारण ५० ते ७० मायक्रॉन जाड असतो, यावरून त्यांच्या आकाराची कल्पना यावी. नाकातले केस, घशाचा ओलावा, खोकला यांपैकी कशालाही न जुमानता ते फुप्फुसाच्या अगदी टोकाच्या पिशव्यांपर्यंत पोहोचतात. तोंडाला बांधलेला उपरण्याचा किंवा पदराचा ओला फडका त्यांना अडवू शकत नाही, आणि वणव्यापुढे उभ्या राहणाऱ्या माणसाकडे बहुतेक वेळा तेवढाच फडका असतो.

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातला सर्वांत मोठा जिल्हा, सुमारे १७ हजार चौरस किलोमीटर. या विषयासाठी त्याचा विस्तार महत्त्वाचा आहे, पण त्याची घडण त्याहून महत्त्वाची. प्रवरा नदी रतनगडावर उगम पावते आणि नेवासे तालुक्यात प्रवरासंगमला गोदावरीला मिळते. सबंध प्रवाह या एकाच जिल्ह्यात. तिच्या काठाने खाली येत गेले, तर जवळजवळ प्रत्येक प्रकारचा धूर ओळीने भेटतो. उगमाकडे, अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ मध्ये घोषित झालेले. घाटघर-रतनवाडीकडे पावसाळ्यात पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, म्हणून कमरेएवढे गवत वाढते. आणि तोच डोंगर फेब्रुवारीनंतर वाळून काडीपेटीसारखा होतो. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनविभागाचा आगीचा हंगाम. त्याआधी जाळरेषा काढल्या जातात, हंगामी मजूर नेमले जातात. तरी वणवे लागतात: नव्या चाऱ्यासाठी जुने गवत जाळल्याने, विडीच्या थोटकाने, पर्यटकांनी मागे ठेवलेल्या चुलवणाने, रानडुकरे हुसकावण्यासाठी लावलेल्या आगीने. मे-जूनमध्ये याच रानात काजवे पाहायला झुंबड उडते. काजव्याच्या अळ्या जमिनीवरच्या ओलसर पाल्यापाचोळ्यात वाढतात, आणि वणवा सर्वांत आधी तोच खातो, ही गोष्ट त्या गर्दीत फारशी बोलली जात नाही.

याच अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, सह्याद्रीच्या बाकी भात-नाचणीच्या मुलखाप्रमाणे, राब भाजण्याची रीत आहे. रोपे टाकायच्या तुकड्यावर शेण, डहाळ्या, पालापाचोळा, गवत यांचे थर रचून, वर माती पसरून ते उन्हाळ्यात सावकाश जाळायचे. राबाची कथा या परिषदेने मुळापासून वाचावी अशी आहे. एकोणिसाव्या शतकात वनखात्याला ही रीत खुपत होती, कारण डहाळ्या जंगलातून येत. ती अडाणीपणाची म्हणून बंद करावी, असे म्हणणारे साहेब कमी नव्हते. पण लोणावळ्याला प्रयोग करून पाहिले तेव्हा राब भाजलेल्या वाफ्यातली रोपे सरस ठरली, आणि कृषिरसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होएल्कर यांनी १८९३ च्या आपल्या अहवालात शेतकऱ्याची बाजू मान्य केली. पुढे १९१२ मध्ये हॅरॉल्ड मान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पश्चिम भारतातील राबावर एक सबंध निबंध प्रसिद्ध केला. जिच्यावर बंदी घालायची त्या रीतीचे आधी मोजमाप करायचे, ही शिस्त या मुलखात सव्वाशे वर्षांपूर्वी रुजली होती. तेव्हा माती मोजली गेली, रोपांची उंची मोजली गेली. धूर कोणी मोजला नाही, कारण मोजायचे साधनच नव्हते. आज ते आहे. राब मुद्दाम धुमसत ठेवला जातो, म्हणजे धुराच्या हिशेबात तो वजनदार ठरण्याची शक्यता मोठी. तो भाजणारी बाई त्याच्याजवळ तासन् तास उभी असते आणि संध्याकाळी घरी येऊन चुलीपुढे बसते.

नदीबरोबर आणखी खाली आले की भंडारदऱ्याच्या धरणाचे कालवे सुरू होतात आणि त्यांच्याबरोबर ऊस. १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या या धरणाने जिल्ह्याच्या उत्तर भागाचे रूप पालटले. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि १९५०-५१ मध्ये त्याचा पहिला गळीत हंगाम झाला, तेव्हापासून हा पट्टा उसाचा. उसाच्या हेक्टरी साधारण आठ ते दहा टन पाचट निघते. ऊस तुटून गेला की अनेक शेतांत ते पेटवले जाते, बहुधा संध्याकाळी, वारा पडल्यावर, शेजारच्या फडाला धग लागू नये म्हणून. शेतकऱ्याच्या दृष्टीने ही वेळ शहाणपणाची आहे. धुराच्या दृष्टीने याहून वाईट वेळ शोधून सापडणार नाही. गळीत हंगाम थंडीत असतो. सूर्य मावळताच जमीन झपाट्याने निवते, तिला लागून असलेली हवा गार होते आणि वर उबदार हवेचे झाकण बसते. दुपारी दीड-दोन किलोमीटर उंच चढून विरला असता तो धूर त्या झाकणाखाली सपाट पसरतो, ओढ्या-नाल्यांच्या खोलगटात साचतो आणि सकाळी ऊन तापेपर्यंत तिथेच राहतो. मराठी वर्तमानपत्रांनी धूर आणि धुके यांच्या मिश्रणाला ‘धुरके’ असा सुटसुटीत शब्द दिला आहे. तो दिल्लीच्या बातम्यांत भेटतो, कोल्हार-बेलापूरच्या शिवाराला तो कोणी लावून पाहत नाही. फडात उतरलेल्या ऊसतोड मजुरांच्या टोळ्या तर पाचटाच्याच कोपीत राहतात आणि पहाटे तिच्या दाराशी चूल पेटवतात. त्यांतली अनेक माणसे पाथर्डी, शेवगाव, जामखेडची, याच जिल्ह्याच्या कोरड्या दक्षिणेतली.

त्या दक्षिणेत ऊस कमी आणि माळ जास्त. कर्जतजवळचे रेहेकुरी हे काळविटांचे छोटे अभयारण्य, श्रीगोंदे-पारनेरकडचे गवताळ डोंगर, जागोजागची गायराने. या जमिनीवर गवत जळते तेव्हा ते ‘जंगल’ जळाले असे धरलेच जात नाही, कारण देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात अशा माळांची गणना बऱ्याच ठिकाणी पडीक म्हणून झालेली आहे. याच भागात राळेगणसिद्धी आणि हिवरे बाजार आहेत. चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी करून पाणलोटाचे काम झाले, डोंगर हिरवे झाले, आणि गवत पूर्वीच्या अनेक पटींनी वाढले. हे यश निर्विवाद आहे. पण गवत वाढले म्हणजे वाळल्यावर जळण्याजोगा मालही वाढला. हिवरे बाजारने ते कापून नेण्याची व्यवस्था बसवली, म्हणून तिथले गवत जनावरांच्या पोटात जाते. जिथे चराईबंदी झाली आणि कापणीची घडी बसली नाही, तिथे त्या गवताचे काय होते, हा प्रश्न पाणलोटाच्या अहवालांत अभावानेच दिसतो. धुराच्या परिषदेने तो विचारायला हवा.

एवढा धूर असूनही तो नोंदीत का येत नाही, याची कारणे आपल्या मोजण्याच्या रीतीतच आहेत. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण संस्था २००४ पासून उपग्रहांच्या आधारे आगीचे इशारे देते, आणि वनविभागाला त्याचा मोठा उपयोग झाला आहे. पण सुओमी एनपीपी या उपग्रहावरील ज्या यंत्रावर आज मुख्य भिस्त आहे, त्याचा एक ठिपका ३७५ मीटर बाजूचा, म्हणजे सुमारे १४ हेक्टरांचा. तो उपग्रह आपल्यावरून जातो दुपारी दीडच्या आणि रात्री दीडच्या सुमारास. एकराचा फड संध्याकाळी साडेसहाला पेटला आणि आठला विझला, तर उपग्रहाच्या लेखी तो पेटलाच नाही. पंजाबात भाताचा पेंढा जाळण्याच्या वेळा उपग्रह गेल्यानंतरच्या दुपारकडे सरकल्याचे २०२४ मध्ये भूस्थिर उपग्रहांच्या चित्रांवरून दिसून आले. आपल्याकडे कोणी वेळ सरकवलेली नाही, ती आधीपासूनच उपग्रहाच्या नजरेबाहेर आहे. दुसरी गोष्ट सरासरीची. आपल्या २००९ च्या मानकांनुसार पीएम २.५ ची २४ तासांची मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सुचवलेली १५ आहे. समजा, एखाद्या वस्तीत बावीस तास हवा ३० वर राहिली आणि पाचट पेटल्यावर दोन तास ३०० वर गेली. दिवसाची सरासरी साडेबावन्न येते. कागदावर त्या दिवशी काहीच घडलेले नाही. दम्याच्या मुलासाठी त्या दोन तासांत सगळे घडून गेलेले असते. तिसरी गोष्ट यंत्रांच्या जागेची. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम २०१९ मध्ये सुरू झाला. त्यात महाराष्ट्राची १९ शहरे आहेत, अहिल्यानगर त्यांत नाही. यादीच शहरांची असल्यावर रतनवाडीचे किंवा चितळीचे नाव तिच्यात येण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

यात भर पडते ती खात्यांच्या वाटणीची. डोंगरावरची आग वनविभागाची, शेतातली कृषी आणि महसूल खात्याची, हवा प्रदूषण नियंत्रण मंडळाची, खोकला आरोग्य खात्याचा. प्रत्येक जण आपापल्या हद्दीत प्रामाणिकपणे काम करत असला, तरी धूर सगळ्यांच्या मधल्या जागेतून निघून जातो. ही मधली जागा भरून काढणे हेच परिषदेचे प्रयोजन, आणि त्यासाठी हा जिल्हा निवडण्याचे कारण केवळ इथे धूर आहे एवढेच नाही. धूर सगळीकडे आहे. इथे तो वाचू शकतील अशी माणसे आणि संस्थाही हाताच्या अंतरावर आहेत. राहुरीला १९६८ पासून महात्मा फुले कृषी विद्यापीठ आहे. लोणीला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावोगावच्या, कित्येकदा निरक्षर, बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. त्या कामासाठी १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि प्राथमिक आरोग्याकडे पाहण्याची जगाची दृष्टी त्या कामाने बदलली. सीमेपलीकडे शिरूर तालुक्यातील वढूला पुण्याच्या केईएम रुग्णालयाचा ग्रामीण आरोग्य प्रकल्प आहे, जिथे खेड्यांतील कुटुंबांच्या आरोग्याची वर्षानुवर्षे नोंद ठेवली जाते. पुण्यात उष्णदेशीय हवामानाची राष्ट्रीय संस्था आहे, जिने शहरांसाठी हवेचा अंदाज देणारी ‘सफर’ व्यवस्था उभारली. आणि अकोले तालुक्यातल्या उसात विद्या अत्रेय यांनी बिबट्याचा जो अभ्यास केला, त्याने दाखवून दिले की संशोधक शिवारात येऊन राहिला, तर जंगल आणि शेत यांच्यामधली आपण मानलेली रेघ पुसली जाते. बिबट्याने ती रेघ मानली नाही. धूरही मानत नाही.

या मांडणीवर काही आक्षेप येतील, आणि ते हलके नाहीत. पहिला असा, की चुलीचा धूर याहून किती तरी मोठा आहे. घरातला प्रश्न सुटला नसताना डोंगरावरच्या चार दिवसांच्या वणव्यासाठी परिषद कशाला? चुलीचा धूर मोठा आहे हे खरेच. पुण्याच्या डॉ. संदीप साळवी यांनी पीटर बार्न्स यांच्यासह २००९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ठामपणे मांडले होते, की विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या माणसांतही फुप्फुसाचा जुनाट अडथळ्याचा आजार मोठ्या प्रमाणावर आढळतो आणि जळणाचा धूर हे त्याचे एक प्रमुख कारण आहे. पण या आक्षेपातूनच उलट निष्कर्ष निघतो. ज्या फुप्फुसाने वीस वर्षे चूल सोसली, ते वणव्याच्या धुराला धडधाकट फुप्फुसासारखे तोंड देऊ शकेल का? परदेशातले बहुतेक अभ्यास तुलनेने स्वच्छ हवेत वाढलेल्या लोकांवरचे आहेत. आधीच धुराळलेल्या छातीवर वणव्याचा वेगळा भार किती पडतो, याचे उत्तर कॅलिफोर्निया देऊ शकत नाही, अकोले देऊ शकेल. मोजण्याची वाटही अनोळखी नाही. कर्क स्मिथ आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गुजरातच्या चार खेड्यांतील बायकांच्या अंगावरच मापक बसवून त्या खरोखर किती धूर घेतात ते पाहिले होते. यंत्र खांबावर न लावता माणसावर लावायचे, ही त्या कामाची मोठी शिकवण. तेच मापक राब भाजणारीच्या, वनमजुराच्या, ऊसतोडणीच्या कोपीत झोपणाऱ्या मुलाच्या अंगावर चढले, तर चूल किती, वणवा किती, पाचट किती हे तासांप्रमाणे तरी वेगळे काढता येईल. लाकूड-गवत जळाल्याची खूण सांगणारे लेव्होग्लुकोसान नावाचे द्रव्य हवेच्या नमुन्यात तपासले, तर डिझेल आणि धूळ बाजूला काढता येते. चूल आणि पाचट मात्र त्यावरून एकमेकांपासून वेगळी होत नाहीत, कारण दोन्हींत वनस्पतीच जळते. म्हणून रसायनशास्त्राला वेळापत्रकाची आणि वेळापत्रकाला बाईच्या सांगण्याची जोड लागते.

दुसरा आक्षेप परिसरशास्त्राचा आहे, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माळरान हे बिघडलेले जंगल नव्हे, ती स्वतंत्र आणि प्राचीन परिसंस्था आहे, तिच्या घडणीत चराई आणि आग यांचाही वाटा आहे, असे जयश्री रत्नम, महेश शंकरन यांच्यासारखे अभ्यासक गेली काही वर्षे सांगत आहेत. मग धुराच्या नावाने आग पूर्ण बंद करायची का? तसे म्हटले तर काळवीट आणि लांडगे यांच्या माळावर झुडपे माजतील, वाळके गवत वर्षानुवर्षे साठेल आणि एखाद्या वर्षी लागणारी आग आजच्या दहा आगींना भारी पडेल. ही भीती रास्त आहे. शिवाय वनविभाग स्वतः जाळरेषा जाळतो, म्हणजे आग अडवण्यासाठीही धूर करावाच लागतो. म्हणून शून्य आग हे परिषदेचे ध्येय असू नये. प्रश्न असा विचारावा, की अटळ असलेली आग कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, किती ओलाव्याला आणि कोणत्या वाऱ्याला लावली तर तिचा धूर वस्तीवर कमी उतरेल. संध्याकाळऐवजी उशिरा सकाळी, जमीन तापून हवा वर चढू लागल्यावर पाचट पेटवले तर खालच्या गावात किती फरक पडतो, हे दोन हंगामांच्या मोजमापाने कळू शकते. त्याच वेळी दुपारचा वारा आग पसरवतो, ही शेतकऱ्याची धास्तीही त्याच तराजूत घालावी लागेल. यातून निघणारे उत्तर बहुधा कोणत्याच एका बाजूला पूर्ण समाधान देणार नाही.

तिसरा आक्षेप न्यायाचा. धूर मोजला की बोट गरिबाकडे वळते: राब भाजणारा महादेव कोळी, चूल पेटवणारी ऊसतोड मजुरीण, दोन एकरांचा शेतकरी. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये राखीव वनात आग लावणे हा गुन्हा आहेच, आणि त्याच कायद्याच्या ७९ व्या कलमाने वनाचे हक्क असणाऱ्यांवर आग विझवायला येण्याचे बंधनही घातले आहे. म्हणजे पेटवल्याचा संशय ज्यांच्यावर, विझवण्याचा भारही त्यांच्यावरच, आणि धूरही त्यांनीच गिळायचा. मोजमापाने हा अन्याय वाढू नये, यासाठी परिषदेने पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवावी: जमवलेली माहिती शिक्षेसाठी वापरली जाणार नाही, आणि गावाची माहिती आधी ग्रामसभेपुढे ठेवली जाईल. पण न मोजल्याने गरिबाचे रक्षण होते, असेही नाही. आज तो धूर घेतो आणि त्याचा पुरावा त्याच्याकडे नाही. मोजले तर वणवा विझवणाऱ्या मजुराला चांगला मास्क आणि नंतर फुप्फुसाची तपासणी मागता येईल. टोळीला कोपीऐवजी निवारा आणि गॅसची शेगडी मागता येईल. राबाला पर्याय म्हणून गादीवाफा सुचवणाऱ्याला त्या वाफ्यातली रोपे लोणावळ्याच्या त्या जुन्या प्रयोगाप्रमाणे शेजारी लावून दाखवावी लागतील.

पाचटाबाबतही नुसते ‘जाळू नका’ म्हणण्यात अर्थ नाही. पाचट कुजवायचे तर हेक्टरी ८० किलो युरिया, १०० किलो सुपर फॉस्फेट आणि १० किलो जिवाणू-खत, अशी शिफारस बऱ्याच वर्षांपासून आहे. बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबले तर ओल टिकते, तण कमी उगवते, सेंद्रिय कर्ब वाढतो, हे खोडवा राखणाऱ्या अनेक शेतकऱ्यांनी अनुभवले आहे. तरी जाळणे चालू आहे, आणि त्याची कारणे आळसात शोधणे चूक. मजूर मिळत नाही, कुट्टीचे यंत्र वेळेवर येत नाही, पाणी सरीतून नीट पळत नाही, उंदीर-हुमणीची भीती वाटते, पुढचे पीक लगेच घ्यायचे असते. या प्रत्येक कारणाला किंमत आहे. त्या किमतीशेजारी धुराची किंमत, म्हणजे बुडालेली मजुरी, दवाखान्याचा खर्च, मुलाची चुकलेली शाळा, मांडता आली तरच यंत्रासाठी कारखान्याने किंवा सरकारने खर्च का उचलावा, याला आधार मिळतो. आज त्या दुसऱ्या बाजूला आकडाच नाही, म्हणून वाद दरवेळी शेतकऱ्याच्या शहाणपणावर येऊन घसरतो.

परिषदेचे स्वरूप यातून आपोआप ठरत जाते. ती जानेवारीच्या अखेरीस भरावी, म्हणजे गळीत हंगाम चालू असेल आणि आगीचा हंगाम तोंडावर आलेला असेल. एका सभागृहात तीन दिवस बसण्यापेक्षा ती नदीबरोबर खाली उतरावी: पहिला दिवस भंडारदऱ्याला, दुसरा राहुरीला, तिसरा दक्षिणेत जामखेडला. पहिल्या दिवशी तज्ज्ञांच्या आधी वनमजुरांनी आणि राब भाजणाऱ्या बायकांनी बोलावे, कारण धूर कोणत्या घळीतून उतरतो आणि कोणत्या वाडीवर किती वाजता येतो, हे त्यांना पाठ असते. हवामानशास्त्रज्ञाला त्याच्या प्रतिमानात नेमके तेवढेच भरायचे असते. स्वस्त मापकयंत्रे गावोगाव लावायची तर ती आधी भरवशाच्या यंत्राशेजारी ठेवून ताडून घ्यावी लागतील, कारण दमट पहाटेला ती फसतात आणि पावसाळ्याआधीच्या धुळीत भरकटतात. हे काम राहुरी किंवा लोणीला होऊ शकते. मराठीत सगळी चर्चा व्हावी, हा आग्रहही यात आलाच, नाहीतर पहिल्या दिवशीचे बोलणारे दुसऱ्या दिवशी गप्प होतील. आणि तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हाती यावा तो पंचनाम्याचा नवा नमुना, जुन्या रकान्यांच्या खाली चार जादा रकाने असलेला: धूर कोणत्या दिशेला गेला, किती तास राहिला, खाली कोणती वाडी होती, आणि आग विझवायला गेलेल्यांपैकी किती जणांना दुसऱ्या दिवशी धाप लागत होती. तो १५ फेब्रुवारीपासून भरायला घ्यावा.